माईकवर वदवून घेतलेलं वाक्य

नवरा सीमेवर जिवंत होता आणि गावाच्या चौकात त्याच्या फोटोला झेंडूचा हार घातला होता.

पलूसकडचं आमचं गाव. सीमेवर गोळीबार सुरू होऊन चार दिवस झालेले. त्याचा फोन नाही. टीव्हीवर दिवसभर आरडाओरडा. सोसायटीचे चेअरमन आण्णा, मोठे ऊसवाले, त्यांनी सभा भरवली आणि मला स्टेजवर बसवलं. मी फोटोवरचा हार काढायला उठले, तर त्यांनी बस म्हणून खुणावलं.

"ऱ्हाऊ द्या सूनबाई. मानाचा हाय."

मग माईक माझ्या तोंडाशी. "म्हणा, धनी देशाच्या कामी आलं तरी मला दुख न्हाई."

समोर सगळ्यांचे मोबाइल वर. मी म्हणाले. टाळ्या पडल्या. त्याची लाज अजून गेलेली नाही.

आण्णांचा थोरला पुण्यात एसीत बसतो. त्याच्या बायकोपुढं कुणी माईक धरला नाही.

व्हिडिओ ग्रुपाग्रुपांवर फिरला. माझी झोप उडाली. ताटातली भाकरी तशीच झाकून ठेवायचे, रात्रभर फोन उशाशी घेऊन बसायचे. फौजीची बायको अशी असती व्हय, असं बायका म्हणतील म्हणून तेही लपवलं. एका सकाळी सहा वर्षांच्या पोरीची वेणी घालत होते. तिनं विचारलं, "आई, पप्पा मेलं तर तुला दुख हुणार न्हाई?"

तिला पोटाशी धरून मी हंबरडा फोडला. त्याच दिवशी टीव्हीची वायर काढली, सगळे ग्रुप सोडले आणि एसटीनं सांगलीला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, "भीती वाटते म्हणून तुम्ही कमी ठरत नाही, बाई." एवढं मला कुणीच म्हणालं नव्हतं.

गोळीबार सुरू झाल्याच्या नवव्या दिवशी त्याचा फोन आला. मी रडले. तोही रडला.

परवा आण्णा पुन्हा दारात. तालुक्याला मोठी सभा आहे म्हणे.

"आवं आण्णा, मी येणार न्हाई. मला लय भ्या वाटतंय. मला माझा माणूस जित्ता पायजे."

"गाव काय म्हणंल?"

"म्हणू दे."

गाव आता मला भित्री म्हणतं. मी दर मंगळवारी भर दुपारी, सगळ्यांच्या देखत एसटी धरते. कुठं चाललीस विचारलं तर सांगते, डोक्याच्या डॉक्टरकडं. तो सुट्टीवर येईल तेव्हा घरात धड डोक्याची बायको असली पाहिजे. आणि सभेचं बोलावणं आलं की मी नाही म्हणणार. आण्णांना, त्यांच्या पोरांना, उद्या आमदार आला तर त्यालाही.