शॉक पुढे ढकलला, ते आठवडे

वाशीमच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी टेबलावर पसरली आणि माझ्या यजमानांना म्हणाले, "काका, तुमचे ठोके नियमित नाहीत. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात."

म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. तिथं रक्त साचतं आणि त्याची गुठळी होऊ शकते.

आमचा अनसिंगजवळ भाजीपाल्याचा मळा आहे. एके काळी हे वांग्याच्या करंड्या सायकलला बांधून वाशीमच्या बाजाराला जायचे आणि दुपारी परत येऊन वाफ्यांना पाणी द्यायचे. आता मोटर चालू करायला विहिरीपर्यंत जातानाही त्यांना थांबावं लागत होतं. "छातीत कोंबडी फडफडून राह्यली," म्हणायचे.

अकोल्याच्या हृदयरोगतज्ज्ञ मॅडमनी गोळ्या देऊन पाहिल्या. दम कमी होईना, तेव्हा त्यांनी कार्डिओव्हर्जन सुचवलं. थोडा वेळ झोपेचं औषध देऊन छातीवर विजेचा झटका द्यायचा, म्हणजे ठोका पुन्हा नियमित होतो. पण त्याआधी किमान तीन आठवडे रक्त पातळ करणारी गोळी घ्यायची, एकही न चुकवता.

ठरलेल्या दिवशी आम्ही उपाशीपोटी अकोल्याला पोचलो. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "काका, गोळी एकदाही चुकली नाही ना?"

हे खाली पाहत म्हणाले, "दाढी करताना कापलं होतं. रगत थांबेना. मले भेव वाटलं. मंग चार-पाच दिवस बंद केल्ती."

मलाही हे तेव्हाच कळलं. मॅडम रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या आणि त्यांनी टीईई करायला घेतली. यात घशातून बारीक नळी उतरवून हृदयाची मागच्या बाजूने सोनोग्राफी करतात. मी बाहेर बाकावर बसले होते. मनात एकच, झटक्याच्या नुसत्या नावानं घाबरणारी मी आता तो लवकर मिळावा म्हणून देवाला विनवतेय.

मॅडमनी मला आत बोलावलं. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला खिशासारखा भाग असतो, त्यात गुठळी होती.

"आज शॉक दिला असता तर ही सुटून मेंदूत जाऊ शकली असती. मी आज शॉक देणार नाही. आणखी काही आठवडे गोळी न चुकवता घ्या, मग पुन्हा टीईई करून पाहू."

"म्हंजे लकवा?" यांनी विचारलं.

"हो, काका."

परतीच्या एसटीतून उतरल्यावर हे म्हणाले, "आता गोळी तूच देत जा मले."

नंतरचे आठवडे मळ्याचं काम पुतण्यानं सांभाळलं. यांना जड काम बंद. मग दुपारी सीताफळाच्या झाडाखाली बाज टाकून आम्ही दोघं बसायचो. संसाराला इतकी वर्षं झाली, पण भर दुपारी असं बसणं आम्हाला कधी जमलंच नव्हतं.

एक दिवस विहिरीकडे पाहत हे म्हणाले, "आठवते का, तुले पोहाले शिकोलं होतं?"

कशी विसरेन! लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात, सासूबाई झोपल्या की आम्ही विहिरीवर जायचो. यांनी वाळलेले भोपळे माझ्या पाठीला बांधले होते. मी ओरडले की हे काठावरून म्हणायचे, "बोंबलू नको, बुढी उठन!" सासूबाईंना मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझे ओले केस त्यांना दिसत नव्हते थोडेच. त्या बिचाऱ्या झोपायचं सोंग घेऊन पडून राहायच्या.

त्या दुपारी आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मग यांना दम लागला आणि मी घाबरून यांची पाठ चोळत बसले.

दुसऱ्यांदा टीईई झाली तेव्हा गुठळी विरघळलेली होती. मॅडमनी बाकीचे धोकेही सांगितले. झटक्यासाठी छातीवर पट्टी लावतात, त्या जागी कातडी भाजू शकते, झटक्यानंतर ठोके फार मंदावू शकतात, एखाद्याला भुलीचा त्रास होतो. त्यासाठी सगळी तयारी जवळ असते. शिवाय ठोका काही काळानं परत बिघडूही शकतो.

पहिल्या झटक्यानं ठोका बदलला नाही, दुसऱ्यानं नियमित झाला. मी आत गेले तेव्हा हे डोळे किलकिले करून विचारत होते, "अवो मॅडम, कवा देता शॉक?"

"दिला, काका. झालं."

छातीवर भाजल्यासारखा लाल चौकोन उमटला होता. मलमानं तो आठवड्यात गेला. गोळी मात्र गेली नाही. झटक्यानंतरचे चार आठवडे तर ती चुकवायचीच नसते. यांचं वय आणि बीपी पाहता मॅडमनी ती कायमचीच सांगितली आहे.

तुमच्या घरी कुणाला हा झटका द्यायचा ठरला असेल, तर विजेला भिऊ नका. चुकलेली गोळी लपवायला भ्या. आणि डॉक्टर "आज नाही" म्हणाले, तर चिडू नका. आमच्या मॅडम तसं म्हणाल्या, म्हणून आज हे माझ्याशी धड शब्दांत भांडू शकतात.

मागच्या तपासणीला मॅडमनी विचारलं, "काही तक्रार?"

"एकच," हे म्हणाले. "गोळी देल्यावर ही मले तोंड उघडाले लावते अन् जिभीखाली पाह्यते."

मॅडम हसून म्हणाल्या, "मावशी, चालू ठेवा."

नव्या नवरीच्या दिवसांत मी यांच्यासमोर मान वर करून बोलतही नव्हते. आता रोज म्हणते, "आ करा."

आणि हे करतात.