दुरुस्तीचं लोकार्पण

आमच्या सोसायटीचा जनरेटर निळा धूर सोडू लागला तेव्हा अध्यक्षांना मनापासून आनंद झाला. ते सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. वडिलांच्या स्मरणार्थ नवा जनरेटर द्यायचा आणि त्यावर संगमरवरी पाटी लावायची, असा त्यांचा बेत होता. पाटीचा नमुना मी पाहिला होता. जनरेटरपेक्षा ती थोडी मोठी होती.

मी सचिव. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि वीज नेमकी तेव्हाच जाते, म्हणून टाकीची मोटर चालवायला हा छोटा पेट्रोल जनरेटर. आधी मिस्त्रीला दाखवू, असं मी सुचवलं. अध्यक्ष म्हणाले, दाखवा. पण दुरुस्तीनंतर एकदा जरी बंद पडला तरी तो भंगारात जाईल, आणि तुमच्या मिस्त्रीला आजूबाजूची एकही सोसायटी दारात उभं करणार नाही. तेवढ्या ओळखी त्यांच्या होत्या.

मिस्त्रीचं दुकान विजापूर वेशीजवळ. माझी स्कूटर त्यानेच वीस वर्षं जिवंत ठेवली आहे. त्याने पार्किंगमध्ये गोणपाट अंथरलं, हेड काढलं आणि पिस्टन वर ओढून बाहेर घेतला. माथा करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखा काळा, अंगावर उभे ओरखडे. एक रिंग खाचेतच चिकटून बसली होती. दुसरी काढून त्याने नुसतीच सिलिंडरमध्ये सरकवली आणि तिच्या दोन टोकांमधली झिजून रुंदावलेली फट मला दाखवली.

"सर, ही रिंग न्हाय, बांगडी हाय."

सिलिंडरच्या आतून बोट फिरवून तो म्हणाला, बोअर वाचलंय, पिस्टन आणि रिंगा नव्या घालू. नव्या रिंगा बसवताना त्याने प्रत्येकीचं तोंड वेगळ्या दिशेला वळवलं. एका रेषेत आली तर तिथूनच तेल वर चढतं म्हणे. आमच्या कमिटीत ही खबरदारी आपोआप घेतली जाते. जाताना त्याने दोनदा बजावलं: रिंगा बसायला वेळ लागतो, पहिले आठ-दहा तास दोन बल्बांच्या वर काही लावायचं नाही.

मी हे अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर 'नूतनीकृत जनरेटरचे लोकार्पण' ठरवलं. पाटी गेली तर गेली, निदान भाषण तरी. जनरेटरला झेंडूचा हार घातला. नारळ अध्यक्ष इंजिनाच्या हेडवरच फोडणार होते. मिस्त्रीने अदबीने दगड पुढे केला. मग चांगली चालू असलेली वीज आम्ही मेन स्विच पाडून घालवली आणि जनरेटर सुरू केला.

माइक लागला. मग रोषणाईच्या माळा लागल्या. भाषण रंगात आलं तसं अध्यक्षांनी वॉचमनला हाताने खूण केली आणि टाकीची मोटरही सुरू झाली. इंजिनाचा आवाज एकदम जड झाला. मिस्त्री माझ्या शेजारी उभा होता. साहेबांचं बोलणं तोडायची त्याची हिंमत नव्हती.

"सर, अजून पाच मिनिटं," तो हळूच म्हणाला, "आन् पिस्टन जाम."

मी वाकलो आणि जनरेटरचा स्विच बंद केला.

अध्यक्ष तेव्हा 'स्वावलंबन' या शब्दाच्या मध्यावर होते. काही क्षण त्यांचे ओठ हलत राहिले. भाषण संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जिलबीकडे मोर्चा वळवला.

"पडला बंद," अध्यक्ष जवळ येऊन म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "मी काय म्हणालो होतो?"

मिस्त्री मान खाली घालून उभा.

"पडला नाही, साहेब," मी म्हणालो. "मी बंद केला. रिंगा नव्या आहेत, आणि भाषण लांबणार होतं."

मिस्त्रीने माळा आणि मोटर काढली, पंधरा मिनिटं इंजिन गार होऊ दिलं, हार बाजूला केला आणि दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला ते सुरू झालं. अध्यक्ष सायलेन्सरकडे वाकून बराच वेळ धूर शोधत राहिले. धूर नव्हता. शेवटी त्यांनी मिस्त्रीच्या हातात जिलबीची डिश दिली. मला दिली नाही.

पुढच्या सभेत दोन्ही ठराव एकमताने मंजूर झाले: जनरेटर कायम ठेवावा, सचिव बदलावा.