उगवतीला तोंड केलेलं लेथ

माझं वर्कशॉप आणि माझ्या चुलतभावाचं वेल्डिंगचं शेड यांच्यामध्ये एकच भिंत आहे. पूर्वी तिथं आमचा सामाईक गोठा होता. जनावरं कमी झाली, भाऊ फौजेतून पेन्शनवर आला, तेव्हा मधोमध विटांची भिंत घातली. उत्तरेकडच्या अर्ध्यात त्यानं वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर मांडला. दक्षिणेकडचा, दाराचा अर्धा आमचा. तो बरेच दिवस रिकामा होता, कारण मी नोकरीला साताऱ्यात आणि गावी फक्त शनिवार-रविवार.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. गावच्या हायस्कूलनंतर सांगलीला इंजिनिअरिंग केलं. आबांनी, म्हणजे वडिलांनी, शिकायच्या वयात मला उसात पाय ठेवू दिला नाही. पाण्याची पाळी आली की ते चुलतभावाला उठवायचे आणि मी अभ्यासाला बसायचो. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण त्या पाण्याच्या पाळ्यांवर ते दोघे एकमेकांशी जे बोलायला शिकले, ते मला कधी बोलता आलं नाही.

भावाचं शेड सुरू झाल्यापासून आबा सकाळचा चहा घेऊन तिकडेच जाऊन बसायला लागले. उलट्या घमेल्यावर बसायचे. मी रविवारी घरात पेपर वाचत असायचो आणि तिकडून आवाज यायचा.

"आरं, ह्ये वेल्डिंग हाय का शेण थापलंय?"

"आवं आबा, शेण तुमीच चांगलं थापताय. या, धरा होल्डर."

"गप रं गाढवा. पलीकडनं बी मार. निम्मंच धरलंय त्येनं."

"मारतो की. डोळं मिटा आधी, न्हाईतर रातभर चुरचुरतंय म्हणून म्हातारीला उठिवशीला."

मग दोघांचं हसणं. तोही त्यांना आबाच म्हणतो. आपल्याला वडिलांनी कधी गाढव म्हटलं नाही, याचं वाईट वाटावं हे विचित्रच आहे. पण मला वाटायचं. पेपरातली ओळ मी पुन्हा पहिल्यापासून वाचायचो.

लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, घ्यायचं मनात होतंच. कंपनीत मी संगणकावर ड्रॉइंग काढतो, लोखंडाला हात लागत नाही, त्यामुळे हौस होती. पण खरं सांगायचं तर आबांनी भिंतीच्या अलीकडे येऊन बसावं, मोडकं काहीतरी हातात द्यावं आणि नीट झालं नाही तर चार शब्द सुनवावेत, ही त्याहून मोठी हौस होती. साताऱ्यातल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधलं जुनं, लहान लेथ मिळालं. टेम्पोतून ते गावी आणलं. भावानं पाइपांची तिकाटणी उभी करून चेन-पुलीनं ते अलगद उतरवलं. उतरवताना आबा त्याच्यावर ओरडत होते. माझ्यावर नाही.

मशीन आत आलं आणि आबांनी दारात चपला काढल्या.

"आबा, चपला घाला. खाली मशीनमधला लोखंडाचा कीस सांडलाय, पायात जाईल."

"असूं दे. तुझी इद्येची जागा हाय."

भावाच्या शेडात ते चिखलाच्या चपलांसकट शिरतात. इथं अनवाणी उभे राहिले, हात मागं बांधून, पाहुण्यासारखे. चौथरा कुठं घालायचा याच्या खुणा मी खडूनं करत होतो. ते हळूच म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं. पर काम करणाऱ्याचं त्वांड उगवतीला असावं, असं वाटतंय. तुला पटत आसलं तर."

इथं थोडं समजावून सांगतो. लेथसमोर उभं राहिलं की काम घट्ट पकडून फिरणारा चक आपल्या डाव्या हाताला येतो. चकाच्या मागं आरपार भोक असतं. लांब दांडा असेल तर तो त्या भोकातून घालतात आणि त्याची शेपटी डावीकडे बाहेर राहते. म्हणून डाव्या बाजूला मोकळी जागा लागते. उगवतीला तोंड केलं तर माझी डावी बाजू उत्तरेला, म्हणजे नेमकी भावाच्या भिंतीला लागत होती. मावळतीला केलं असतं तर ती दाराकडे आली असती आणि अंगणभर दांडा बसला असता. मला हे माहीत होतं. भाऊ माझ्या जागी असता तर म्हणाला असता, "आबा, मशीन बसवायचंय का देव?" त्यानं शिव्या खाल्ल्या असत्या आणि मशीन बरोबर बसलं असतं. मी म्हणालो, "चालेल आबा." ज्यांनी मला शिकवलं, त्यांनी पहिल्यांदा काही मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? आबा खूश झाले. मी उगवतीच्या हिशेबानं काँक्रीट ओतलं, बोल्ट गाडले, पाणपातळी लावून मशीन घट्ट केलं.

पुढचे कितीतरी रविवार मी लहान बुश, म्हणजे नळीसारख्या कड्या, आणि पिना करत बसलो. इस्लामपूरच्या एका मित्राची कामं यायची. आबांचं एकही नाही. कडबाकुट्टी मोडली, तिकडं. फाळ झिजला, तिकडं. एकदा मीच म्हणालो, "कुट्टीचा बुश खराब झालाय ना, मी करतो."

"कशाला हात काळं करतूस? सुट्टीचा आलाईस, इसावा घे."

पलीकडे ग्राइंडर सुरू झाला की माझ्या टेबलावरचे पाने थरथरायचे. मी ते उचलून दुसरीकडे ठेवायचो.

मग एका रविवारी आबा दारात आले. हातात माणसापेक्षा लांब दांडा, ट्रॉलीचा, टोकाचे आटे झिजलेले. मी हातातला पाना ठेवून पुढं झालो. पण मागं भाऊ होता.

"आबांला म्हटलं, आटं पाडायचं तर दादाकडंच न्या," तो म्हणाला. "आनत न्हवतं. मीच ढकलून आनलं."

म्हणजे हेही त्यानंच दिलेलं.

मी दांडा भोकात घातला. तो थोडा सरकला आणि भिंतीवर जाऊन टेकला. टोक चकाच्या इतकं पुढं, आधाराशिवाय राहिलं की आटे पाडणं शक्य नव्हतं. आबा वाकून बघत होते.

"का रं?"

"भिंत लागते आबा."

"मग मशीन असं का बसिवलंस?"

मी दांडा मागं ओढला. भाऊ तोंड दाबून हसत होता.

"मी म्हटलं म्हणून?" आबांचा आवाज चढला. "तवा तुला म्हाईत हुतं?"

"हो."

"म्हाईत हुतं, आनि चालंल म्हणालास? आरं गाढवा, मला सांगायचं न्हाई तर शिकिवलं कशाला तुला? माझ्या हो ला हो म्हणायला?" मग भावाकडे वळून, "आनि तू काय दात काढतूस? तुला बी दिसत हुतं की!"

"दिसत हुतं. पर दादा इंजनेर. म्हटलं, कायतरी नवीन पद्धत आसंल."

"दोगं बी दगड हाईसा."

मी मान खाली घालून उभा होतो आणि मला फार बरं वाटत होतं. इतका वेळ आबा माझ्यावर एकट्यावर कधी ओरडले नव्हते. त्यातला शेवटचा वाटा भावाला गेला, तेवढं खुपलं.

चौथरा फोडायचा नाही, भिंतीलाच भोक पाडायचं ठरलं. भिंतीची पलीकडची बाजू भावाची. त्यानं एका शब्दानं हो म्हटलं, छिन्नी-हातोडा स्वतःच आणला. लांब दांडा फिरताना हेलकावू नये म्हणून भावाच्या बाजूला आधाराचं स्टँड लागणार होतं. तेही त्यानंच वेल्ड करून दिलं. वेल्डिंग ओबडधोबड आहे, पण मी ते बोललो नाही. तसं बोलायचा हक्क अजून माझा झालेला नाही, आबांचा आहे.

आता लांब काम आलं की दांड्याची शेपटी भावाच्या शेडात निघते. आणि आबा अजून तिकडेच बसतात, घमेल्यावर, त्या शेपटीजवळ. ते इकडं येतील या आशेनं मी एक चांगली खुर्ची आणून ठेवली होती. तिच्यावर आता तेलाचे डबे आहेत. भिंतीपलीकडचं हसणं पूर्वी अस्पष्ट ऐकू यायचं, आता शब्दन्‌शब्द येतो.

परवा मी आटे पाडत होतो. भोकातून आबांचा आवाज आला, "आरं ए, दांडा उड्या मारतुय! झोपलास का काय?"

मी मशीन बंद केलं आणि वेग कमी करण्यासाठी पट्टा खालच्या पुलीवर घेतला.