कापसाचा बर्फ

घरी एकाच वेळची भाकर होती, म्हणून कॉलेजच्या सुट्टीत मी जिनिंगच्या कारखान्यात कापसाची गंजी तुडवायला जाई. सोबतचा गडी मला तेव्हाच मास्तर म्हणे. काहीही सांगितलं की डोळे मोठे करून विचारी, "हाव का, मास्तर?"

थंड मुलखात लोक पायांना फळ्या बांधून बर्फाच्या टेकडीवरून घसरतात, असं मी एकदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो दोन फळ्या घेऊनच गंजीवर चढला. "हटा, विलायत आली!" म्हणत निघाला, तो कोलांट्या खात थेट मुकादमाच्या पायाशी.

"कोनं शिकवलं बे तुले?"

"माह्यंच डोकं, साहेब."

त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं. मी वरून पाहत होतो. मला फी भरायची होती. तोंड उघडलं नाही.

पुढे मी बी.ए. झालो, आमच्या घराण्यात पहिला. मास्तरही झालो.