शेजारचा बॅंजोवाला

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या ऑफिसातून सुट्टी काढून मी ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या शिबिराला गेलो तो मँडोलिन शिकायला, पण आठवतो तो शेजारी बसणारा बॅंजोवाला जर्मन म्हातारा. नाव विचारावंसंही वाटलं नाही, इतका तो डोक्यात गेला होता.

ब्लूग्रासमध्ये सगळे गोल करून बसतात आणि प्रत्येकाला एकट्याने वाजवायचा टर्न मिळतो. म्हातारा बोटांत धातूच्या नख्या चढवायचा, घसा खाकरायचा, वाजवायचा. मग भुवई उंचावून माझ्याकडे बघायचा आणि माझाही टर्न स्वतःच वाजवून टाकायचा. दरवेळी! वर वाजवायचाही सुरेख, त्यामुळे चिडलेलो असूनही माझी मान डोलतच राहायची.

तिसऱ्या दिवशी जेवताना मी विचारलंच, "अहो, माझा टर्न का पळवता?"

त्याने काटा खाली ठेवला. "मी? मी दरवेळी विचारतो. तुम्ही मान हलवून नाही म्हणता. बोटं दुखायला लागली माझी!"

मी कपाळाला हात लावला. "ते नाही नसतं हो. आमच्याकडे गाणं आवडलं की मान तशी हलते."

"आख सो, असं होय," तो म्हणाला.

संध्याकाळी माझा टर्न आला. चार सूर वाजवले आणि पुढचं साफ विसरलो. घामाघूम होऊन मी त्याच्याकडे बघत जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, तुम्ही घ्या!

म्हाताऱ्याने बॅंजो मांडीवर आडवा ठेवला आणि कौतुकाने म्हणाला, "हो, हो! आवडतंय ना? वाजवा, वाजवा!"