पाठीशी

चौदा वर्षांपूर्वी निपाणीच्या एका सभागृहात मी एका बाईंच्या वाक्यात एक शब्द घातला. तो शब्द त्यांचा नव्हता. तो मी चुकून घातला, असे बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. घालताना तो शब्द मला ऐकू आला होता, आणि तो परत घेण्याइतका वेळही माझ्यापाशी होता.

त्या काळात मी बेळगावच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत होतो आणि दर रविवारी दुपारी एसटीने निपाणीला जात होतो. तंबाखूच्या वखारींत पाने निवडणाऱ्या बायकांसाठी आम्ही एक अभ्यासवर्ग चालवत असू. भाड्याच्या एका खोलीत पंधरा-वीस बायका जमत. मी वाचून दाखवी आणि समजावून सांगे: मतदानाचा हक्क, समान कामाला समान मजुरी, घरकामालाही श्रम का म्हणावे, बाईच्या नावावर घर का असावे. मी हळू आवाजात बोलतो. मागे बसलेल्या बायका पुढे सरकत आणि मला वाटे, माझ्या विचारांच्या ओढीने सरकत आहेत.

वर्गातल्या ज्येष्ठ बाईंना सगळे आक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. पन्नाशी ओलांडलेल्या, विधवा, वखारीत तीस वर्षे काढलेल्या. तंबाखूच्या धुळीने त्यांना सतत ठसका लागे आणि तो संपेपर्यंत त्या हाताच्या खुणेने आपले बोलणे राखून ठेवत. एकदा मी समतेवर उभ्या असलेल्या समाजाचे वर्णन वाचले. मी थांबल्यावर आक्कांनी विचारले, "सगळं झ्याक हाय सर. पर त्या गावात सैपाक कोन करतंय?" बायका हसल्या. मीही हसलो. आणि पुढचे पान काढले.

नगरपालिकेची निवडणूक जवळ आली तेव्हा आमच्या पुरोगामी आघाडीने उमेदवार ठरवण्यासाठी बैठक बोलावली. धारवाडकडून एक वयोवृद्ध नेते आले होते. त्यांना मराठी येत नव्हती. आमच्याकडच्या बहुतेक सभांप्रमाणे दुभाष्याचे काम माझ्याकडे आले. सीमाभागातला माणूस दोन भाषांत वाढतो, त्यामुळे या कामात काही जबाबदारी असते असे आम्हांला वाटतही नाही. पाण्याचा तांब्या पुढे सरकवावा तसे आम्ही एकाचे बोलणे दुसऱ्याकडे सरकवतो.

बैठकीत तासभर पुरुष बोलले. मग आक्का उठल्या. आमच्या भागात उभे राहण्याला 'उभारणे' म्हणतात आणि बायकाही स्वतःविषयी 'मी जातो, मी येतो' असेच बोलतात. आक्का म्हणाल्या, "बायांसाठी राखून ठेवल्यात ते वॉर्ड मला नकोत. माझ्या गल्लीचा वॉर्ड खुला हाय, सगळी मला वळखत्यात. त्या वॉर्डात मी उभारतो." मग ठसका आला. तो आवरून, माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "ह्ये सर आमास्नी बाईचा हक्क शिकिवत्यात. पर ह्येंच्या घरातली बाई आजून एकदा बी वर्गाला आली न्हाय. मी उभारलो की मत मागायला पयलं बेळगावला ह्येंच्या घरात जानार बघा. मत नसंना का तितं, निदान तिला भेटून तरी येतो!"

सभागृहातले मराठी जाणणारे सगळे खदखदून हसले. नेत्यांनी काहीच न कळल्याने हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहिले.

मी पत्नीविषयी वर्गात सांगून ठेवले होते की तिचे गुडघे दुखतात.

मी माईक हातात घेतला. वॉर्डाचे वाक्य सोडले. घरचे वाक्य सोडले. आणि कन्नडमध्ये म्हणालो, "अवरु नम्म बेन्निगे निल्लुत्तारे." त्या आपल्या पाठीशी उभ्या राहतील. निवडणुकीला उभे राहायलाही कन्नडमध्ये 'निल्लु' हेच क्रियापद आहे. मला त्याआधी 'चुनावणेगे', निवडणुकीला, म्हणायचे होते. मी 'बेन्निगे', पाठीशी, म्हणालो.

आक्कांना बाजारापुरते कन्नड येत होते. भाषणातले त्यांना कळत नसे, पण 'निल्लु' त्यांना ठाऊक होते, कारण कंडक्टर दिवसभर 'निल्री, निल्री', उभे राहा, असे ओरडत असतो. माझ्या वाक्यात आपले क्रियापद ऐकून त्यांनी समाधानाने मान हलवली. नेते उठले, त्यांनी आक्कांना हात जोडले आणि म्हणाले, "बहळ संतोष, अक्का."

"काय म्हनले वो सर?" आक्कांनी विचारले.

"फार आनंद झाला म्हणाले."

हे भाषांतर अचूक होते.

सभागृहात दोन्ही भाषा जाणणारे आणखी पाच-सहा पुरुष होते. कोणी काही बोलले नाही. बाहेर पडताना त्यांतल्या एकाने माझ्या खांद्यावर थोपटले. "बरं सांभाळून घेतलंस रं. खुल्या वॉर्डात बाई म्हंजे आवघडच हुतं." मी त्याचे म्हणणे खोडून काढले नाही. मी संतापाने, अपमानाने, दोन श्वासांच्या अवधीत केलेल्या गोष्टीला त्याने धोरण म्हटले होते आणि ते नाव मला सोयीचे वाटले.

पुढचे तीन आठवडे मला आठवायला नको वाटतात. आक्कांनी नेत्यांचे हात जोडणे म्हणजे होकार समजला होता. वखारीतल्या बायकांनी गल्ल्या वाटून घेतल्या. दुपारच्या सुट्टीत त्या मतदारयादी घेऊन बसत आणि जिला वाचता येई ती नावे वाचे. रविवारी वर्गात माझे वाचन बाजूला राहिले आणि बायका मलाच प्रश्न विचारू लागल्या: अर्ज कुठे भरायचा, सूचक कोण लागतो, सही येत नसेल तर अंगठा चालतो का. आक्कांनी स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेतला. दोन प्रती आणल्या होत्या, एकीत पदर डोक्यावर, दुसरीत खांद्यावर.

"सर, कुटला लावू?"

"खांद्यावरचा चांगला आहे," मी म्हणालो.

तेव्हा मी सांगू शकलो असतो. खोलीत आमच्याशिवाय दोघी-तिघीच होत्या. मी फोटो परत दिला आणि त्यांनी तो पिशवीत, वहीच्या दोन पानांमध्ये, नीट सरळ ठेवला.

आघाडीच्या उमेदवारांची यादी लागली तेव्हा त्या वॉर्डात एका तंबाखू व्यापाऱ्याच्या पुतण्याचे नाव होते. तो निवडून आला आणि वर्षभरात दुसऱ्या पक्षात गेला. आमच्या आघाडीचे पुढे काय झाले ते सांगण्यासारखे नाही. माझ्या दृष्टीने ती यादीनंतरच्या रविवारी, त्या भाड्याच्या खोलीतच संपली.

त्या दिवशी सगळ्या आल्या होत्या. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक बाई म्हणाली, "वखारीत मुकादम काय म्हनला ठावं हाय? म्हनला, काय नगरसेविका, आज पाला निवडनार का भाशन करनार?" कोणी हसले नाही. आक्का म्हणाल्या, "त्यो म्हातारा तोंडावर हात जोडून गेला. न्हाय म्हनायचं हुतं तर न्हाय म्हनायचं. हसून कशाला फसवायचं?"

"कानडी मानसं अशीच," दुसरी म्हणाली. "आपल्यातला असता तर असं केलं नसतं."

मग आक्कांनी माझ्याकडे पाहिले. "सर, तुमी हुतासा. तुमीच सांगा ह्यास्नी. आनंद झाला म्हनला का न्हाय त्यो?"

"म्हणाले," मी म्हणालो.

दोन भाषांमधल्या द्वेषाविरुद्ध मी किती सभांत बोललो असेन, त्याची गणती नाही. त्या खोलीत तो द्वेष माझ्यासमोर जन्मत होता, त्याचे कारण मी होतो, आणि मी खाली चटईकडे पाहत बसलो. त्या नेत्यांनी आपल्या हयातीत एकाही बाईला फसवले असेल असे मला वाटत नाही. काही वर्षांनी ते वारले. निपाणीच्या वीस घरांत मात्र ते हसून फसवणारा माणूस म्हणूनच राहिले.

पुढच्या रविवारी चार बायका आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी मी खोली उघडून दोन तास बसलो आणि कुलूप लावून परत आलो.

मी मात्र थांबलो नाही. स्त्रियांच्या राजकीय सहभागावर लोक मला व्याख्यानांना बोलावत राहिले आणि मी जात राहिलो. शाली घेतल्या. यंदा बेळगावच्या एका महाविद्यालयात माझे बोलणे संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तुमच्या त्या वर्गातल्या बायका नंतर कुठं गेल्या?"

"त्या निराश झाल्या," मी म्हणालो.

तिने ते वहीत लिहून घेतले. मला ते लिहिणे थांबवता आले नाही.

घरी येऊन मी पत्नीला सगळे सांगितले. ती स्वयंपाकघरात पावट्याच्या शेंगा सोलत होती. सोलता सोलता तिने ऐकून घेतले. मी थांबल्यावर म्हणाली, "माझे गुडघे कधी दुखत होते?"

"दुखत नव्हते."

"मग मला विचारायचं होतं एकदा, येतेस का म्हणून. आले असते की नसते, ते माझं मी बघितलं असतं." तिने सालींचे ताट बाजूला सारले. "आणि हे आता मला कशाला सांगताय? जिचं बोलणं खाल्लंत, तिला जाऊन सांगा."

मी तिला सोबत येण्याविषयी विचारले. ती नको म्हणाली. चौदा वर्षे उशिरा विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर योग्यच होते.

गेल्या महिन्यात मी निपाणीला गेलो. आक्कांच्या गल्लीच्या तोंडाशी नगरसेविकेचा फलक आहे. तो वॉर्ड आता महिलांसाठी राखीव झाला आहे. फलकावर बाईंचे नाव आहे, नावापेक्षा मोठा त्यांच्या पतीचा फोटो आहे, आणि खाली पतीचाच फोन नंबर आहे.

आक्का मुलाकडे एका खोलीत राहतात. उंबऱ्याशी त्यांची सून मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने हात न थांबवता म्हटले, "बसा. पर मोट्यानं बोला. त्यास्नी आता आयकू येत न्हाय."

आक्का खाटेवर बसल्या होत्या. फार वाळल्या आहेत. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला, मग म्हणाल्या, "सर व्हय? केस पिकलं की वो तुमचं. बायकोचं गुडघं कसं हायती?"

वाटेत एसटीत बसून जुळवलेली सगळी वाक्ये मला पाठ होती. ती मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणू लागलो.

"आँ?" आक्का म्हणाल्या.

मी थोडे पुढे सरकून पुन्हा म्हटले. त्यांनी सुनेकडे पाहिले. सून म्हणाली, "माफी मागत्यात."

"माफी? ह्येंनी कशाला?" आक्का मला समजावल्यासारखे म्हणाल्या, "तुमी काय केलं, सर? फसिवलं त्या म्हाताऱ्यानं. मेला म्हनं त्यो. जाऊ दे. तुमी तर माजं बोलनं बराबर सांगितलासा. मी आयकलं की. निल्लु म्हनलासा तुमी. मला तेवडं कळत हुतं."

चौदा वर्षे त्या हाच एक शब्द पुरावा म्हणून जवळ बाळगून होत्या, आणि तो माझ्या बाजूने होता. मी गप्प राहिलो असतो तर त्या क्षणीही सुटलो असतो. आक्कांनी मला चहा पाजला असता, मी निरोप घेतला असता आणि त्यांच्या मनात मी तेवढा एक खरा माणूस उरलो असतो. मी काय करणार आहे हे मला खरोखर ठाऊक नव्हते. समोरच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मी खाटेपाशी खाली बसलो आणि ओरडलो. एवढ्या मोठ्या आवाजात मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. माझा आवाज चिरकला, सुनेचे हात थांबले, गल्लीतून जाणारा एक सायकलवाला पाय टेकून आत पाहू लागला.

"आक्का, त्यांनी नाही फसवलं! मी फसवलं! तुम्ही म्हणालात मी उभारतो. मी त्यांना सांगितलं, ही आपल्या पाठीशी उभारणार! पाठीशी हा शब्द माझा होता. तुमचं म्हणणं त्यांना कधी कळलंच नाही. माझ्या घरातलं बोललात म्हणून मला राग आला, म्हणून मी खोटं सांगितलं. तो माणूस खरा होता, आक्का. खोटा मी होतो. माझं चुकलं. मला माफ करा!"