नऊ नंबरची वेणी

रोह्याच्या एका इस्पितळात आई दहा दिवस होती, तेव्हा तिथल्या एका सिस्टरचा मला रोज राग यायचा. सकाळच्या शिफ्टला बारा खाटा आणि ती एकटी. काहीही सांगा, चालता चालताच म्हणायची, "व्हय, आले." बाहीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलेला असे. त्यावर खाटेचा नंबर, काम आणि वेळ. काम झालं की पेनाने त्यावर काट मारायची.

एकदा आईचं सलाईन संपत आलं म्हणून मी धावत गेलो, तर ती नऊ नंबरच्या आजींची वेणी घालत बसलेली. आजी कुठल्याशा वाडीवरच्या, सोबत कोणी नाही.

"तिकडे सलाईन संपतंय आणि तुम्ही वेण्या घालताय?" माझा आवाज चढला.

तिने बाही पुढे केली. 'नऊ, वेणी, ११.०५.' त्याखाली आईच्या खाटेचं, 'सात, सलाईन, ११.१०.'

"अजून चार मिनटं हायत, दादा." आणि बरोबर चार मिनिटांनी ती आईपाशी हजर.

आईला घरी सोडायच्या दिवशी नऊ नंबरची खाट रिकामी होती. आजी पहाटे गेल्या होत्या. अकरा वाजून पाच मिनिटांनी सिस्टर कंगवा घेऊन तिथे आली, ताणलेलीच चादर पुन्हा ताणली आणि आमच्याकडे वळली.

"आये, पाच मिनटं हायत माझ्याकडं. वेणी घालू गो?"

आईचे केस बायकोने सकाळीच विंचरले होते. आईने अंबाडा सोडला आणि सिस्टरकडे पाठ केली.